आळशी आई हवी

प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीत काकूंचा शब्द शेवटचा. बावीस वर्षं पिंजरे धुतले, भुसा बदलला. कुठली उंदरीण जातीची आई आणि कुठली नुसती नावाला, हे त्या लांबून सांगायच्या.

संशोधन करणारी मुलगी नवी होती. तिने काकूंना समजावलं होतं, की उंदरिणीच्या पोटात पिल्लं शेंगेतल्या दाण्यांसारखी ओळीने असतात. दोन भावांच्या मधे सापडलेल्या मादीला त्यांचं थोडं संप्रेरक मिळतं, म्हणून ती म्हणे मोठेपणी जरा दांडगट निघते.

"म्हणजे माझ्यासारखी," काकू खूश झाल्या. "वर दादा, खाली धाकटा."

"काकू, तुम्ही पोटात एकट्याच होतात!"

"पण अंथरुणात मधेच ना! लाथा खाऊन खाऊन अशी झाले. आणि तू गं?"

"दोन बहिणींच्या मधली."

"दिसतंच आहे. चहात साखर नको, एवढं सांगायला आठवडा लावलास."

कोण कुणाशेजारी होतं ते कळावं म्हणून मुलीने गाभण उंदरिणीचं पोट उघडून एकेक करत अकरा पिल्लं काढली होती. भावांमधल्या माद्यांच्या पाठीवर शाईचा लाल ठिपका, बहिणींमधल्यांच्या निळा. मग अकराही पिल्लं दूध पाजायला दुसऱ्या उंदरिणीकडे दिली. ती काकूंनी निवडलेली, खोलीतली सगळ्यात मायाळू आई.

सकाळी पाहतात तर अकरा पिल्लं लख्ख गुलाबी. मायाळू आईने चाटून चाटून एकही ठिपका ठेवला नव्हता.

मुलीने एकेक पिल्लू उलटंसुलटं करून पाहिलं. ही पिल्लं वाढली की खोली दुसऱ्यांकडे जाणार होती. मुदत वाढली नाही, तर दोन वर्षांचं काम पाण्यात.

"निवड माझी, निस्तरणार मी," काकू म्हणाल्या. "चल. साहेबांना मी काय घाबरते?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बोला."

काकूंनी पदर सावरला. "साहेब, ते... भुसा संपत आलाय."

"भुसा भरपूर आहे," मागून आवाज आला. मुलगी पुढे झाली. "खुणा गेल्यात सर. पुन्हा करावं लागेल. तीन महिने हवेत."

"एवढं कशाला? वाढू देत महिनाभर. भांडकुदळ निघतील त्यांना लाल लिहून टाक."

"भावांमधल्या भांडकुदळ निघतात का, तेच तर बघायचंय. आधीच लिहिलं तर बघितलं काय?"

साहेबांनी चष्मा काढला. "ती उंदरीण निवडली कुणी?"

काकूंनी तोंड उघडलं.

"मी," मुलगी म्हणाली. "दोन वर्षं माझी गेलीत, सर. चूकही माझीच."

"दोन महिने देतो."

"दोन महिन्यांत नवी पिल्लं जन्मून मोठी होत नाहीत. तीन."

ती जागची हलेना. शेवटी साहेबांनीच कागद ओढला आणि सही केली.

बाहेर आल्यावर काकूंनी मुलीचे हात पदरात धरले.

"दोन बहिणींच्या मधली म्हणे! तुझ्या आईला नीट विचार एकदा."

"आणि तुम्ही? दोन भावांच्या मधल्या ना? भुसा?"

"दादासमोरही माझं असंच व्हायचं," काकू पुटपुटल्या. "घरात कधी कुणाला कळू दिलं नाही, तूही बोलू नकोस."

खोलीत येताच त्या पिंजऱ्यांच्या रांगेसमोर ओणवल्या.

"या खेपेला कुठली देताय?" मुलीने विचारलं.

"ती कोपऱ्यातली. दूध भरपूर, पण पाजलं की पसरते. पोरांची पाठ चाटायचे कष्ट काही घेत नाही."

मायाळू उंदरीण मात्र तिच्या पिंजऱ्यात अकरावं पिल्लू चाटत बसली होती. काकूंनी तिला हळूच दटावलं, "पुरे गं बाई आता."