एक मिनिट चाळीस

आनंदीने शेजारच्या सीटचा शेवटचा बोल्ट सोडवला, सीट उचलून गाडीबाहेर टाकली आणि कोपराने कपाळावरचा घाम पुसला. बंपर गेले होते, पुढची काच गेली होती, दारांचे आतले पत्रे गेले होते. कापडी छप्पर आधीच्या मालकाच्या, गावच्या जमीनदार भाटकाराच्या कोंबड्यांनी आधीच फाडून ठेवलं होतं. त्याच्या शेतातल्या मांगरात पंधरा वर्षं त्या याच गाडीत अंडी घालत होत्या. पोर्तुगीज अमदानीत आगबोटीतून मुरगावला उतरलेली ती दोन सीटांची इंग्लिश गाडी आता स्वतःच सोलून ठेवलेल्या कोंबडीसारखी दिसत होती.

"शेजारी कोण बसतलो आता?" बाबली मिस्त्रीने विचारलं.

"कोणच नाय. ही शर्यत आसा बाबा, वऱ्हाड न्हय."

वेल्डिंगवाला भैरू खो खो हसला. भैरू मूळचा बेळगावकडचा. आधी खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर होता. पाय मोडला आणि डिचोलीत मिस्त्रीच्या गॅरेजात येऊन टिकला तो टिकलाच.

बाबलीला हसू आलं नाही. धारगळहून डिचोलीत येऊन बावीस वर्षं त्याने खनिजाचे ट्रक दुरुस्त केले. ट्रकाला वाढवायचं असतं, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. स्प्रिंगला एक पाटा वाढव, चासीला एक पट्टी वाढव, माल दुप्पट भरणार आहेत हे धरूनच चाल. आणि ही पोर नुसती काढत सुटलेली! गोवा राज्य झालं त्या साली ती कॉलेज सोडून गॅरेजात शिरली. लोक म्हणाले, मिस्त्रीचं चेडू हाताबाहेर गेलं. मिस्त्री म्हणाला, बाहेर कसलं, हाताखाली आलं. बोलला खरा, पण पोरगी ब्रेक आणि क्लचवर न थांबता मद्रासच्या शर्यतीचं वेड घेऊन बसेल हे काय त्याला ठाऊक!

तिथे जुन्या गाड्यांसाठी वेगळा गट होता. अर्ज सोमवारी टपालात पडायला हवा होता. नाही म्हणायची बाबलीची छाती झाली नाही, म्हणून त्याने अट घातली. पाळीच्या माळावर, खनिजाच्या ढिगांभोवतीची एक फेरी एक मिनिट चाळीस सेकंदांच्या आत. जमलं तर मद्रास, नाही तर गाडी विकायची आणि विषय संपला. फोरमन ओळखीचा, रविवारी ट्रक बंद, माळ मोकळा. तीन रविवार झाले होते. एक पंचेचाळीस, एक त्रेचाळीस, मग एक बेचाळीस. आज शेवटचा रविवार होता.

आता खरं सांगायला हरकत नाही. गाडी चाळीसच्या आत यायची नव्हती, कारण बाबलीने ती येऊ दिली नव्हती. खाणीवरच्या ट्रकमालकांची एक जुनी युक्ती होती. ड्रायव्हर फार पळवायला लागला की ते मिस्त्रीला हळूच सांगत, कडी घाल. एक्सिलेटरच्या दांडीवर बोटभर पितळेची कडी चढवली की पाय कितीही दाबा, इंजिन पाऊणच उघडतं. अशा पन्नासेक कड्या तरी बाबलीने घातल्या असतील. एक्कावन्नावी त्याने लेकीच्या गाडीत घातली आणि तिला बजावलं, कार्बोरेटर माझा, त्याला हात लावायचा नाही. बापाचा शब्द म्हणून तिने लावला नाही. वजनच जास्त आहे असं धरून ती तीन आठवडे पत्रे कापत बसली होती.

तिने पत्रे कापले की बाबलीला रात्री जेवण जात नसे. पण वेगाने मेलेली माणसं त्याने उताराखालून काढली होती. लेक हरली तर चार दिवस रडेल, रडू दे, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

पाळीला पोचेपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं. माळावर तांबडी धूळ पायाच्या घोट्यापर्यंत. बाबली घड्याळ घेऊन फेरीच्या सुरुवातीला उभा राहिला. भैरू लंगडत लंगडत लांबच्या वळणावर गेला. वळणाच्या अलीकडे एक काळी टाकी, वळणावर मातीचा बांध होता आणि बांधाखाली जुन्या खाणीत साठलेलं हिरवं पाणी. गाडी समोरून गेली, ढिगांमागे दिसेनाशी झाली, परत आली.

एक एकेचाळीस.

आनंदीने हेल्मेट काढलंसुद्धा नाही. "आनी एक," म्हणाली आणि पाणी पिऊन बूट घट्ट बांधायला लागली.

तेवढ्यात भैरू हात हलवत, धापा टाकत आला. तिच्यापासून लांब थांबून त्याने मिस्त्रीला खूण केली.

"मिस्त्री, पोरीला जरा सांगा की. वळणावर ब्रेकच दाबंना झालीया."

"दाबता असतली. ब्रेकचो दिवो बघलस?"

"दिव्याकडंच बघत होतो. वळणात शिरल्यावर पेटतोय, आधी न्हाई. मागलं चाक बांधाला घासून गेलं बघा." भैरूने खाली बसून दुखरा पाय चोळला. "आमी बी असंच करायचो. मालकानं कडी घातली की गाडी चढाला मरायची. मग खेप भरायची कशी? उताराला न्यूट्रल मारायचो अन् द्यायची सोडून. जिथं जीव जायाचा, तिथंच टायम काढायचो. माझा पाय तसाच गेला."

तो अगदी सहज बोलत होता. या गाडीतल्या कडीचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

बाबली जागच्या जागी उभा राहिला. ज्या उताराखालून त्याने माणसं काढली होती, तो उतार त्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि त्या ट्रकांतल्या कितीकांत आपली कडी होती हे त्याने बावीस वर्षांत कधी मोजलं नव्हतं. सरळ रस्त्यावर त्याने लेकीचा वेळ चोरला होता. तो वेळ ती बांधावर, पाण्याच्या काठावर भरून काढत होती.

आनंदीने इंजिन चालू केलं.

"बंद कर!" तो ओरडला. मग धावत जाऊन स्वतःच किल्ली फिरवली. "उतर खाली."

"कित्याक? वेळ जाता बाबा."

त्याने बॉनेट उघडलं. इंजिन तापलेलं होतं, बोटं भाजली, तरी फडकं घ्यायचं त्याला सुचलं नाही. दांडीवरून कडी ओढून काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. आनंदीने ती बोटांत फिरवून बघितली. गॅरेजात वाढलेली पोर, तिला समजवायची गरज नव्हती.

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून."

"तीन आठवडे मी पत्रे कापतंय!" तिचा आवाज चिरकला. "हातांची साल गेली माझ्या. माका वाटला, माकाच चलवूक येना नाय. तुमी बघत ऱ्हवलात, बाबा?"

"भियालंय गो," बाबली म्हणाला. "तुका काय झाला तर, म्हणान भियालंय. आनी माझ्याच भियान तुका बांधार धाडलंय."

तिने कडी लांब धुळीत भिरकावली. डोळे पुसले, तर गालावर तांबडा चिखल झाला. भैरू उगाच ढिगाकडे बघत राहिला. ती आत बसली.

"बाय, आयक," बाबली खाली वाकून म्हणाला. "सरळ रस्त्यार पाय पुरो दाब. वळण येवच्या आधी ब्रेक मार. ती काळी टाकी दिसली की मार."

तिने मान हलवली की नाही, हेल्मेटमुळे कळलं नाही.

या वेळी बाबली स्वतः धावत ढिगावर चढला, तिथून सुरुवात आणि वळण दोन्ही दिसत होती. गाडीचा आवाजच वेगळा आला, मोकळ्या गळ्याचा. सरळ रस्ता तिने बघता बघता खाल्ला. टाकी आली. मागचे दोन्ही दिवे लालभडक पेटले, नाक खाली गेलं, आणि गाडी बांधापासून चांगली दोन हात आतून वळली. बाबलीचा अडकलेला श्वास सुटला.

तो खाली उतरेपर्यंत ती गाडीतून बाहेर आली होती. त्याने घड्याळ तिच्यापुढे धरलं. काटा चाळिसावर थांबला नव्हता. एका घराने पुढे होता.

"एकेचाळीस," आनंदी म्हणाली. हेल्मेट काढून तिने काखेत धरलं. "नाय झाला. ब्रेक मारल्यार इतकोच वेळ येता. काय करतलात, इका गाडी. शब्द म्हणजे शब्द."

"कोणाचो शब्द?"

"तुमचो. अट तुमीच घातलात."

"ती अट मीच मोडलंय," बाबली म्हणाला. "कडी घातलंय तेच दिसा मोडलंय. फाल्यां सोमार, अर्ज टपालात घाल."

बाबलीने बाही दुमडली, भाजलेली बोटं तोंडात घालून जरा चोखली आणि बॉनेट पुन्हा उघडलं.

"बारीक पानो हाड," तो हत्यारांच्या पेटीकडे बोट दाखवत म्हणाला. "कार्बोरेटर आता तूच लाव. तो एक सेकंद खंय आसा, बघूया."