कोणी कोणाला पाठीवर घेतलं

गामगोल गावची बस पहाटे शपथविधीला निघाली तेव्हाच ओकबुननं जाहीर करून टाकलं, की आजच्या दिवसापुरतं तरी कोणी त्याला ‘भोपळ्या’ म्हणायचं नाही.

“देशाचा राष्ट्राध्यक्ष होतोय आज तो. तोंडाला जरा कुलूप घाला.”

“मग काय म्हणायचं? भोपळेसाहेब?” गिलसूनं विचारलं आणि सगळी बस खदखदून हसली.

गिलसू गावचा सरपंच. त्यानंच ही बस ठरवली होती, सगळ्यांच्या गळ्यात गावाच्या नावाचे पट्टे त्यानंच अडकवले होते, आणि निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा तो कोटाच्या आतल्या खिशात, अगदी काळजाशी धरून बसला होता. ओकबुन शाळेत त्याच्यापेक्षा दोन वर्ग मागे. गावाच्या बस थांब्याशी तिची सूप-भाताची खानावळ. निवडणुकीचा निकाल लागला आणि तिचं नशीबच फळफळलं. राष्ट्राध्यक्ष जन्मला ते घर बघायला, त्या अंगणातलं भाग्य थोडं आपल्याही अंगाला लागावं म्हणून लांबलांबून लोक यायला लागले. घराच्या दगडी कुंपणाला हात लावायचा, फोटो काढायचा आणि मग भूक लागली की ओकबुनकडे.

मानबोक मात्र हसला नाही. खिडकीशी बसून तो अंडं सोलत होता, आणि सोलून झालं तरी खायचं विसरला होता.

“मानबोकदादा, अहो गिळा ते,” ओकबुन म्हणाली. “लग्न तुमचं नाहीये.”

“त्याला कुठली भूक!” गिलसूनं मागे वळून डोळा मारला. “आज ओढ्याचा हिशेब पुरा व्हायचाय.”

ओढ्याची गोष्ट बसमधल्या प्रत्येकाला पाठ होती. मानबोक आणि भोपळ्या तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. शाळेतून परत येताना ओढा फुगलेला, पाण्यातले दगड दिसेनासे झालेले. भोपळ्याची बोबडी वळली. मानबोकनं त्याला पाठीवर घेतलं आणि पाण्यात शिरला. अर्ध्यावर पाय निसटला, गुडघा दगडावर फुटला, तरी मानबोकनं पाठीवरचा पोरगा सोडला नाही. पैलतीर गाठलं. त्या दिवसापासून त्याचा डावा पाय जो लंगडा झाला तो झालाच. पुढं लष्करात घेतलं नाही, शहरात कोणी काम दिलं नाही. जन्म पर्सिमन फळांच्या बागेत राबण्यात गेला. ओकबुनच्या खानावळीत मानबोकनं ही गोष्ट पुन्हा सुरू केली, की लोक आपापले वाडगे उचलून दुसऱ्या टेबलाकडे सरकत.

एक गोष्ट मात्र मानबोकनं कधीच कोणाला सांगितली नव्हती. पाण्याच्या मध्यावर भोपळ्या भीतीनं त्याच्या पाठीवरच मुतला होता. गार पाण्यात ती ऊब त्याला अजून आठवे. मित्राची लाज ती आपली लाज, म्हणून ते त्यानं बायकोलाही सांगितलं नाही.

“साक्षीदार मी आहे ना!” गिलसू बसला ऐकू जाईल असं म्हणाला. “दोघांच्या पुस्तकांची बोचकी डोक्यावर धरून मी काठावर भोकाड पसरून उभा होतो.”

हे तो नेहमी म्हणे, आणि मानबोकला नेहमी बरं वाटे.

पण मानबोकला ना पद हवं होतं, ना बक्षीस. त्याला हवं होतं ते मिरानसाठी. मिरान त्याची एकुलती एक मुलगी, आता बुसानला असते. लहानपणी रोज त्याच्या गुडघ्यावरच्या व्रणावर बोट ठेवून म्हणायची, ‘बाबा, ओढा सांगा.’ मोठी झाली आणि एकदा सहज विचारून गेली, “बाबा, इतका मोठा माणूस, आणि तुम्हाला भेटायला कसा कधी आला नाही?” तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, आणि म्हणूनच ते मानबोकला फार लागलं. खासदार झाल्यावर भोपळ्या गावात आला होता खरा. रांगेत सगळ्यांचे हात हातात घेत मानबोकपर्यंत आला, “तब्येत सांभाळा,” म्हणाला आणि पुढच्याचा हात धरला. मानबोकनं मनाची समजूत घातली, की एवढ्या गर्दीत माणूस काय बोलणार? काल रात्री मिरानचा फोन आला होता. “सुट्टी काढलीये, टीव्हीसमोर बसणार आहे. तो तुमचं नाव घेईल का हो?” भोपळ्यानं नुसतं ‘माझा एक मित्र होता’ म्हटलं असतं, तरी मानबोकचं भरून पावलं असतं.

राजधानी सोलमध्ये फेब्रुवारीची थंडी हाडात शिरत होती. संसदेच्या हिरव्या घुमटासमोर खुर्च्यांचा समुद्र पसरलेला. गामगोलची रांग अगदी मागे नव्हती, पण तिथून व्यासपीठावरचा माणूस करंगळीएवढा दिसे. चेहरा बघायचा तो मोठ्या पडद्यावर. ओकबुननं सगळ्यांच्या हातात गरम राहणाऱ्या पिशव्या कोंबल्या. शपथ झाली, तोफा झाल्या. उजवा हात वर केलेला भोपळ्या पडद्यावर दिसला तशी ओकबुन रडायलाच लागली. गिलसूही नाक ओढत होता. मानबोकला वाटलं, मीही रडावं, पण त्याचा सगळा जीव कानात गोळा झाला होता.

भाषण लांबलं. अर्थव्यवस्था झाली, उत्तर सीमा झाली, तरुणांचे रोजगार झाले. आणि मग आवाज खाली उतरला.

“माझ्या गावात एक ओढा आहे.”

गिलसूनं मानबोकच्या मांडीवर थाप मारली. ओकबुननं त्याचा हात धरला. रांगेतली सगळी डोकी त्याच्याकडे वळली.

“मी लहान होतो. ओढ्याला पूर आला होता. माझ्याबरोबर माझा एक मित्र होता. बिचारा पायानं अधू. तो काठावर थरथरत उभा होता. मी त्याला पाठीवर घेतलं आणि पाण्यात उतरलो. त्या दिवशी मला कळलं, की जो चालू शकत नाही त्याला पाठीवर घेणं, हेच राज्य करणं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. हजारो माणसं उभी राहिली. मानबोक बसूनच राहिला. आपण चुकीचं ऐकलं असं त्याला वाटलं. मग पडद्याखाली तेच शब्द अक्षरांत सरकत गेलेले त्यानं वाचले. त्याच्या हातातली गरम पिशवी खाली पडली. विसरला असता तर चाललं असतं. माणूस विसरतो. पण हा विसरला नव्हता. ओढा होता, पूर होता, पाठ होती, लंगडा पायसुद्धा होता. सगळं नीट लक्षात ठेवून त्यानं फक्त माणसं बदलली होती. आणि ज्या पायानं त्याला पार नेलं, तोच पाय आता उलटी साक्ष देत होता.

“मानबोकदादा,” ओकबुन हळूच म्हणाली, “म्हणजे... तुम्ही पाठीवर होतात?”

“तुला काय वाटतं?”

तिच्या नजरेत राग नव्हता, संशयही नव्हता. होती ती कीव. आयुष्यभर एका लंगड्या म्हाताऱ्याची बढाई आपण ऐकून घेतली, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं.

“गिलसू!” मानबोकनं त्याची बाही धरली. “तू सांग ना हिला.”

“अरे, त्याला उलटंसुलटं आठवत असेल,” गिलसू पुटपुटला. “एवढी कामं त्याच्या मागे. इथं नको आता. लोक बघतायत.”

कार्यक्रम संपून लोक बाहेर पडायला लागले, तोच एक तरुण वार्ताहर मुलगी कॅमेरावाल्याला ओढत धावत आली. गळ्यातल्या पट्ट्यांवर गावाचं नाव तिनं लांबूनच वाचलं होतं.

“तुम्ही गामगोलचे? त्या ओढ्याच्या गावचे? तो प्रसंग आठवणारं कोणी आहे का तुमच्यात?”

मानबोकनं तोंड उघडलं, पण गिलसू एक पाऊल पुढे आला. त्यानं पट्टा सरळ केला.

“मी होतो काठावर,” तो म्हणाला. “पुस्तकांची बोचकी धरून. या डोळ्यांनी पाहिलंय मी. राष्ट्राध्यक्ष तेव्हाच असे होते, पाण्यात शिरले की मागं वळून बघायचं नाही! आणि ज्यांना त्यांनी नेलं ते हे बघा, आमचे मानबोक.”

मानबोकला ऐकू येत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. भोपळ्या खोटं बोलला, ठीक आहे, तो पुढारी. पण गिलसू? काठावर रडत उभा असलेला गिलसू?

मुलीनं माइक मानबोकच्या तोंडाशी धरला. “आजोबा, काय वाटलं होतं त्यांच्या पाठीवर बसून?”

“मी बसलो नव्हतो,” मानबोक म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाला, “मी नेलं त्याला. तो माझ्या पाठीवर होता.”

मुलगी क्षणभर गोंधळली. मग तिची नजर त्याच्या वाकड्या पायाकडे गेली, आणि ती खुदकन हसली. कॅमेरावालाही हसला. सगळ्यात मोठ्यानं हसला गिलसू. त्यानं मानबोकच्या खांद्यावर हात टाकला. “आमचा मानबोक असाच थट्टेखोर! शाळेपासून!”

ती लपवलेली गोष्ट मानबोकच्या अगदी जिभेवर आली. एक वाक्य बोललो, तर साऱ्या देशासमोर भोपळ्याचा भोपळा फुटेल, असं त्याला वाटलं. पण कॅमेरासमोरचे हसरे चेहरे बघून त्यानं ते गिळलं. यांना तीही थट्टाच वाटली असती.

परतीच्या बसमध्ये गाणी सुरू झाली, तांदळाची वडी फिरली, दारूचे छोटे पेले फिरले. ओकबुन खानावळीला नवी पाटी कशी लावायची ते सांगत होती. गिलसू येऊन मानबोकशेजारी टेकला.

“रागावलास?”

“तू का केलंस असं?”

“गावाचं बघ की जरा. उद्यापासून बसच्या रांगा लागतील ओढ्यावर. पूल होईल, रस्ता होईल. मी काय म्हणायला हवं होतं? राष्ट्राध्यक्ष पहिल्याच दिवशी खोटं बोलले?” त्यानं आवाज आणखी खाली आणला. “मला माहीत आहे ना खरं काय ते. तुला माहीत आहे. तेवढं पुरे नाही का?”

मानबोक उत्तर देणार तोच त्याचा फोन वाजला. मिरान होती.

“बाबा, बातम्यांत दिसलात तुम्ही. तिथंही तुम्ही तेच म्हणालात.”

“कारण तेच खरं आहे.”

“बरं. बाबा, मला राग नाही आलाय हं. खरंच नाही. लहानपणी ती गोष्ट मला फार आवडायची. खरी असो, नसो.”

आयुष्यात मानबोकनं कधी कोणाकडे हात पसरला नव्हता, पण आता त्यानं फोन गिलसूपुढे धरला.

“मिरान आहे. तिला सांग. फक्त तिला. कॅमेरा नाही इथं, कोणी नाही.”

गिलसूनं फोन घेतला. बसमधलं गाणं थांबलं होतं. ओकबुन आणि पुढच्या सीटवरची माणसं वळून बघत होती. गिलसूनं त्या सगळ्यांकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं.

“मिरान, बाळ,” तो म्हणाला, “तुझे बाबा फार चांगले आहेत. फार चांगला माणूस.”

एवढं बोलून त्यानं फोन मानबोकच्या मांडीवर ठेवला, आणि उठून पुढे जाऊन बसला.

मानबोकनं फोन कानाला लावला. मिराननं अगदी मायेनं विचारलं,

“जेवलात का, बाबा?”