शेवटचे वीस हात

मी एक जुने हेलिकॉप्टर आहे. मित्रांनो, चंद्रपूरजवळच्या एका शेडमध्ये मी पडून असते. माझी पाती काढून नेली आहेत, शेपटी भिंतीला टेकवून ठेवली आहे. आता माझी कदर फक्त उंदरांना आहे.

उमेदीच्या काळात मी वैमानिक घडवले. इंजिन हवेतच मंद करायचे आणि नुसत्या फिरत्या पात्यांच्या भरवशावर मला खाली उतरवायचे, हा सर्वांत अवघड धडा. अश्वजित सर तो थेट जमिनीपर्यंत शिकवत. शिकणाऱ्यांना घाम फुटे. मीही काही कमी भित्रे नव्हते.

सरांना धावपट्टीवरचा सराव पुरेसा वाटत नसे. ते म्हणत, "गडचिरोलीच्या जंगलात इंजिन बंद पडलं तं डांबर कुठी भेटन? बांदीतच उतरा लागन." म्हणून मूल गावाजवळच्या, धान कापलेल्या बांदीत, म्हणजे भाताच्या खाचरात, सराव सुरू झाला. तेव्हा शिकत असलेल्या संघप्रियाने मला छान खाली आणले होते. पण टेकताना माझा पाय धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, अडकला आणि मी आडवे झाले. तिचा मणका मोडला. मी तिला सावरू शकले नाही, याचे दुःख मला अजून आहे.

मग नियम झाला. जमीन वीस हात दूर असतानाच इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर जायचे. शेवटचे वीस हात कोणीच शिकायचे नाहीत.

दीपिका या नियमानंतर शिकली. उद्यापासून ती नव्या हेलिकॉप्टरने भामरागडकडचे रुग्ण आणणार आहे. आज ती सरांना घेऊन माझ्याकडे आली.

"सर, एकदा तरी खालपर्यंत करू द्या ना. शेवटी पडणं थांबवाले दांडा कधी ओढाचा, मले माहीतच नाई."

"संघप्रियाले अजून वाकता येत नाई, दीपिका."

"अन् माझ्या मागं पेशंट असन तं?"

सरांनी फक्त माझ्या खुर्चीकडे बोट केले. दोघांचेही खरे होते. अखेर ती माझ्याच खुर्चीत बसली आणि डोळे मिटून तिने माझा दांडा धरला. पात्यांचा जोर सरू लागला की तो हाताला जड लागतो. मला तिला तेवढे तरी कळवायचे होते, पण माझ्यात काही उरलेले नाही. दांडा सैल हलत राहिला.

"जमीन कुठपर्यंत आली?" सरांनी विचारले.

"काय माहीत, सर."

मित्रांनो, शिकणाऱ्यांसाठी कुठेतरी एखादी बांदी धुरे काढून सपाट करून ठेवा. दीपिका उद्या सकाळी निघते आहे.