भुतं कुणाकडची घ्यायची

भुतं कुणाकडची घ्यायची, हे रविवारी संध्याकाळच्या आत ठरायला हवं होतं. टीव्हीवर भयपट दाखवणाऱ्या तीन कंपन्यांचा फुकटचा आठवडा नवरा-बायकोने एकदमच सुरू केला होता, तो आज एकदमच संपणार होता. तिन्हींची नावं लक्षात राहीनात, म्हणून घरात त्यांना चिन्हाच्या रंगावरून लालवाले, निळेवाले आणि काळेवाले म्हणायची पद्धत पडली होती.

"एकच घ्यायचं," नवऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आपल्याला वेळ कुठे आहे? ठकूची दुपारची झोप, तेवढाच आपला शो."

ठकू म्हणजे त्यांची दहा महिन्यांची लेक. ती दुपारी झोपायची तेव्हाच नवऱ्याचा खालच्या मजल्यावरचा दवाखानाही बंद असायचा. तो दातांचा डॉक्टर होता. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारा, रक्ताला न बिचकणारा हा माणूस पडद्यावर नुसतं एखादं दार आपोआप उघडायला लागलं की उशी छातीशी धरायचा. आणि तरी भयपट हवेत, हा हट्ट त्याचाच. कारण भयपटांमुळेच तर त्यांचं जमलं होतं.

कॉलेजात बायकोला सगळे घुबड म्हणायचे. थिएटरात अख्खी रांग तोंडावर ओढण्या-रुमाल घेऊन बसलेली असताना ही एकटी टक्क डोळ्यांनी बघायची आणि बाकीच्यांना बातमी द्यायची, "झालं, गेली ती. उघडा डोळे." शेजारच्या खुर्चीतला दंतवैद्यकाचा विद्यार्थी तिच्या खांद्यामागे लपून हे ऐकायचा. पुढे त्याने लग्नाचं विचारलं तेही असंच. म्हणाला, "मला आयुष्यभर 'उघड डोळे' सांगणारं कुणीतरी हवंय."

आता पंचाईत अशी झाली होती, की घुबडाचं काहीतरी बिनसलं होतं आणि ते नवऱ्याला कळू द्यायचं नव्हतं.

तशी नोकरीच तिची धोके शोधण्याची. मोठाल्या इमारतींतून हिंडायचं, आग लागली तर माणसं कुठून पळतील, कुठे अडकतील ते बघायचं. बाळंतपणाची रजा लांबवून ती घरी होती, तेव्हा तपासायला घर एवढंच उरलं. टेबलाच्या कोपऱ्यांना रबरी टोप्या बसल्या. जिन्याला फाटक आलं. कपाटांना असल्या कड्या लागल्या, की अक्कलदाढ काढणाऱ्या माणसाला चमच्यांचा खण उघडेना. हे ठीक होतं. आई झाल्यावर बायका काळजी करतात, हे सगळ्यांनाच मान्य असतं. पण सोमवारी लालवाल्यांचा पहिलाच सिनेमा लावला, त्यात माळ्यावर एक लहान मुलगी निघाली, आणि घुबड सिनेमाभर पडद्याच्या बाजूची कुंडी बघत बसलं.

"कसा वाटला?" नवऱ्याने विचारलं.

"यांची भुतं फार बडबडी आहेत. लाल नको."

बडबडी कुठून कळणार होती? सिनेमे ते मुके बघत होते. आवाज पूर्ण बंद. एकतर ठकू उठायची, आणि दुसरं म्हणजे तिच्या खोलीत ठेवलेल्या यंत्राचा आवाज ऐकू यायला हवा होता. त्या यंत्राचं दुसरं डबडं बैठकीत टीव्हीखाली असे, आणि त्यातून ठकूचा श्वास चोवीस तास घरभर वाहत असे. सिनेमातलं सगळं खालच्या पट्टीतल्या अक्षरांवरून समजून घ्यायचं.

निळेवाले निदान आधी सूचना तरी द्यायचे. रक्तपात आहे, शिवीगाळ आहे, सिगारेट ओढली आहे. सिगारेटची सूचना! आणि सिनेमातल्या घरात रांगतं मूल आहे, जिन्याला फाटक नाही, याबद्दल अवाक्षर नाही. मंगळवार ते गुरुवार तिने निळ्यांचे तीन सिनेमे अर्ध्यावर बंद केले आणि प्रत्येक वेळी नवीन खोट काढली. एकाचं चित्र अंधारं, एकाची गोष्ट पाणचट, तिसऱ्याची तर नायिकाच आवडली नाही.

"नाचता येईना अंगण वाकडं," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या.

सासूबाई असले सिनेमे बघत नव्हत्या. तसं त्यांनी जाहीरच केलं होतं. त्या ठकूच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून मटार सोलत बसायच्या, टीव्हीकडे तिरक्या. तरुणपणी टेलिफोन एक्सचेंजात कानाला यंत्र लावून हजारो लोकांची बोलणी जोडून दिली होती, आता तेच कान रुसले होते. मोठ्याने बोललेलं तेवढं पोचे, बाकी डोळ्यांवर काम चाले. नवल हे, की सोमवारपासून आणलेले मटार काही संपत नव्हते.

रविवारी काळेवाल्यांचा नंबर लागला. त्यांच्याकडे भयपटांशिवाय काही नव्हतंच. ठकू झोपली, पडदे ओढले, तरी दुपारचं ऊन त्यांच्या फटीतून येऊन नेमकं भुताच्या कपाळावर पडत होतं.

"आज तुझी कारणं बंद," नवरा उशी घेऊन बसत म्हणाला. "हा पूर्ण बघायचा, मग निकाल. घुबडे, तू पूर्वी अशी नव्हतीस हं. चोखंदळ झालीस."

चोखंदळ! तिला हायसं वाटलं. हा शब्द चालण्यासारखा होता. मनात म्हणाली, आजचा एक काढला की सुटले. कसंही करून डोळे उघडे ठेवायचे.

सिनेमा सुरू झाला. एकाकी घर, त्यात एक नवीन भाडेकरू बाई, आणि जिन्यात दिसणारी एक जुनी, मेलेली बाई. मूल दिसेना. ती जरा सैलावली.

"ते दात बघ," नवरा म्हणाला. "वरच्या दाढेला नवी कॅप आहे. शंभर वर्षांपूर्वी मेलेली बाई, आणि कॅप?"

"मेल्यावर बसवली असेल," सासूबाई मटारात बघत म्हणाल्या.

"आई, तू बघत नाहीयेस ना?"

"मी कशाला बघू? तुझा आवाज मोठा आहे."

खालच्या पट्टीतली अक्षरं मात्र खरंच निराळी होती. लालवाले प्रत्येक आवाजाला 'संगीत' लिहून मोकळे होत. निळेवाले 'भीतीदायक संगीत' आणि मग 'आणखी भीतीदायक संगीत'. इथे पट्टीत आलं: 'कुणीतरी जिन्यावर थांबून ऐकत आहे.'

नवऱ्याने उशी वर ओढली. "हे लिहिणारा माणूस घरी जाऊन झोपतो कसा गं?"

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला होता आणि पूर्वीसारखाच मागे मागे सरकत होता. हे परत मिळवायचं होतं तिला. तेवढ्यासाठी एखादं भूत बघणं काही फार नव्हतं.

आणि मग त्या भाडेकरू बाईने आतल्या खोलीचं दार ढकललं. खोलीत पाळणा होता.

तिने कुंडीकडे बघायचं नाही असं ठरवलं. बघितलं नाही. पडद्यावर नुसता पाळणा, कॅमेरा हलायचं नाव घेईना. पट्टीत अक्षरं उमटली: 'पाळण्यातून श्वासाचा आवाज.' आणि टीव्हीखालच्या डबड्यातून, हळू, खरखरत, खरोखरचा श्वास येत होता. नवऱ्याचे केस उभे राहिले. त्याला तो श्वास टीव्हीतूनच येतोय असं वाटलं, मूक सिनेमातून, आणि काय करतोय हे न कळता त्याने पायाच्या अंगठ्याने डबड्याचं बटण दाबलं.

श्वास बंद पडला. त्याच क्षणी पट्टीत आलं: 'श्वास थांबतो.'

ती कधी उठली ते तिचं तिलाही कळलं नाही. टेबल ओलांडलं, उशी उडाली, आणि ती दारातून आत घुसली. पण आत तिच्या आधी कुणीतरी पोचलं होतं. पाळण्यावर वाकलेली, पांढऱ्या केसांची आकृती. घुबडाच्या घशातून जो आवाज निघाला, त्याला काळेवाल्यांनाही अक्षरं सापडली नसती.

आकृती वळली. सासूबाई होत्या. त्यांचं बोट ठकूच्या नाकाखाली होतं आणि हातातून मटाराच्या शेंगा गळत होत्या.

"चालू आहे," सासूबाई म्हणाल्या. "श्वास. व्यवस्थित चालू आहे."

तेवढ्यात नवरा आला, त्यानेही बोट पुढे केलं. ठकूने डोळे उघडले, नाकाखाली जमलेली तीन बोटं बघितली आणि त्यातलं एक धरून चावलं.

"दात!" नवरा ओरडला. "अगं, दात आलाय हिला! खालचा!"

पण ठकूची आई खाली बसली होती, पाळण्याचा दांडा धरून. रडू येत होतं आणि हसूही. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मला नाही जमत रे आता," ती म्हणाली. "लाल, निळं, सगळं खोटं सांगितलं मी. मूल दिसलं की मला बघवत नाही. घुबड मेलं."

नवऱ्याने ठकूला तिच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः शेजारी फरशीवर टेकला. "मी तर पहिल्यापासून घाबरतोय," तो म्हणाला. "माझं कुठे काय अडलं? आणि आत्ताचा श्वास मीच बंद केला. आपल्याच पोरीच्या श्वासाला भ्यालो. आता बोल, कोण मोठं भित्रं?"

"माझ्या मुलाचं हे असंच," सासूबाई शेंगा वेचत म्हणाल्या. "आणि ऐक गं. हा एवढासा होता तेव्हा मी कामावरून यायचे ती चपलांसकट आत, बोट घेऊन. अजूनही बघते मधूनमधून. तो घोरतो तेवढं बरं, लांबूनच कळतं."

"आई!"

"बरं, ते राहू दे," सासूबाईंनी सुनेला उठवायला हात पुढे केला. "पुढे काय झालं? त्या पाळण्यातल्याचा श्वास परत आला का? इथे अर्धवट टाकून चालायचं नाही. मला झोप लागणार नाही."

बाहेर सिनेमा आपला एकटाच चालला होता. नवऱ्याने तो मागे नेऊन बरोबर पाळण्यावर आणला. सासूबाईंनी खुर्ची दारापासून उचलून सरळ टीव्हीसमोर मांडली, मटाराचं नाटक संपलं. तिने ठकूला पोटाशी घेतलं आणि सगळ्यांदेखत, राजरोस, डोळे घट्ट मिटले.

"मी मिटले," ती म्हणाली. "आता तू सांग."

नवऱ्याने घसा साफ केला. उशी बाजूला ठेवली. मग दवाखान्यातल्या खुर्चीत बसलेल्या माणसाशी बोलावं तशा मऊ आवाजात सुरू झाला, "हं, काही नाही. श्वास परत चालू. बाई पाळण्याकडे येतेय. आता जरासं टोचेल हं... झालं. लांब कुठेतरी पक्षी ओरडतोय."

"पक्षी?" सासूबाई म्हणाल्या.

"पक्षी, पक्षी. मग वारा सुटलाय. मंद वारा. खिडकीचा पडदा हलतोय. छान हवा आहे तिकडे."

त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकलेला होता आणि थरथरत होता. मंद वाऱ्याने माणूस एवढा थरथरत नाही. तिच्यातली तपासनीस जागी झाली. कुणी 'सगळं ठीक आहे' म्हणालं की स्वतः जाऊन बघायचं, ही तिची जन्माची खोड. तिने एक डोळा किलकिला केला.

पट्टीत लिहिलं होतं: 'पाळण्याखालून कुणीतरी नखांनी लाकूड खरवडत आहे.'

"अरे खोटारड्या!" दुसरा डोळाही टक्क उघडला. "हा पक्षी आहे? ही छान हवा आहे?"

"अगं, मी आपलं—"

"वाचता येत नाही का तुला? सरक. आई, मी सांगते तुम्हाला काय चाललंय ते."

"मला दिसतंय," सासूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "तू त्याला सांग. त्याने उशी घेतलीय."

खरंच त्याने डोळ्यांवर उशी घेतली होती. ठकू त्या उशीचा कोपरा नव्या दाताने चावत होती. पाळण्याखालून एक हात बाहेर आला. तिने ठकूचा श्वास एकदा बोटाने बघून घेतला, आणि मग तो हात शेवटपर्यंत बघितला.

"झालं," ती म्हणाली. "गेली ती. उघड डोळे. आणि काळेवाल्यांचं घेऊन टाक."