बिजलीचा गुडघा

जयराम शेजवळ मास्तरांनी ब्रश चौथ्या घोड्याच्या गुडघ्यापाशी नेला, क्षणभर धरला आणि कोरडाच परत आणला. सकाळपासून हे तिसऱ्यांदा.

"बाकीच्यांसारखी धूळ काढा की त्याच्या पायावर," सुमनबाई डाळ निवडता निवडता म्हणाल्या.

समोरच्या चित्रात पाच स्वार, पाच घोडे. त्यांतल्या चार घोड्यांचे पाय धुळीत गेले होते, आणि ते का, हे बायकोला ठाऊक होतं. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात मास्तर वीस दिवस काठेवाडात हिंडले. तिथे एका गावच्या जत्रेत त्यांनी घोडेस्वारांची शर्यत पाहिली. ती सात मिनिटांत संपली. तेवढ्यावर पुढची सात वर्षं ते हे चित्र रंगवत होते. फेटे, भाले, वाऱ्यावर उडणारे शेले, सगळं आठवायचं. घोड्यांचे पाय मात्र काही केल्या आठवेनात. म्हणून शाळा सुटली की ते नाशिक रोड स्टेशनबाहेरच्या टांगा स्टँडवर जाऊन बसायचे आणि नाथा टांगेवाल्याच्या घोडीचे, बिजलीचे, पाय काढायचे. चौथ्या घोड्याला तेच पाय होते. तिचं नाव बिजली ठेवणाऱ्याने तिला चालताना पाहिलं नसावं. उभी मात्र सुरेख राहायची.

कॉलनीतले लोक चित्र बघून विचारत, "कोणाचे स्वार हे?" कोणाचेच नाहीत म्हटल्यावर त्यांचा रस संपे.

मुंबईच्या प्रदर्शनवाल्यांनी मात्र चित्राचा फोटो पाहून, मास्तर एकोणीस वर्षं चित्रं पाठवत असताना पहिल्यांदाच, पत्राने होकार कळवला होता. अट एकच. चौथ्या घोड्याच्या पुढच्या डाव्या गुडघ्याचं रेखाटन सदोष आहे, ते सुधारून चित्र शनिवारपर्यंत पोहोचवावं. मास्तर फोटोची दुसरी प्रत घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने ती उजेडात धरली.

"रेखाटन बरोबर आहे," तो म्हणाला. "घोडा लंगडा आहे."

मास्तरांनी जन्मात निरखून पाहिलेला घोडा म्हणजे एकटी बिजली. घोड्याचा गुडघा असाच असतो असं ते धरून चालले होते, आणि शाळेतल्या सहा वर्गांना त्यांनी तो तसाच शिकवलाही होता.

पण ब्रश अडत होता तो नाथापाशी. रिक्षा आल्या, टांगा बसला, आणि गेल्या दिवाळीत बिजली गेली. तिचा फोटो कुणी कधी काढला नव्हता. नाथा आता लाकडाच्या वखारीवर राखणीला होता, आणि दर रविवारी इथे येऊन चित्रासमोर बसायचा. चहा घ्यायचा, चौथ्या घोड्याकडे बघायचा, उठून जायचा. गुडघा पुसला की त्याने कुणाला बघायला यायचं?

आज रविवारच होता.

"जय भीम, मास्तर."

ब्रश लपवायला उशीर झाला होता. मास्तरांनी नाथाला पत्र वाचून दाखवलं. मग म्हणाले, "मी नाही म्हणून कळवणार आहे. तिचा पाय तसाच राहू दे." हे वाक्य त्यांनी शुक्रवारपासून तयार ठेवलं होतं. बोलताना आवाज जरा सत्काराला उत्तर दिल्यासारखा लागला.

नाथाने कप खाली ठेवला.

"लंगडत व्हती. मला ठावं व्हतं, चार वर्सं. स्टँडवर कुणाला बोललो नाय, टांगा बंद पाडला असता. आन् तुम्ही नेमके पायच काढत बसायचे."

"मग मला तरी सांगायचंस, नाथा."

"तुम्ही लय मन लावून काढत व्हता." तो चित्राकडे बघत राहिला. "मेली तरी हितं तिचा पाय दुखतोच हाय. दर रविवारी बघतो. नीट करा तेवढा."

मास्तरांनी ब्रश रंगात बुडवला. अर्ध्या तासात सूज उतरली. तेवढा वेळ नाथा दवाखान्यात रोग्याबरोबर आलेल्या माणसासारखा अंग चोरून बसला होता.

"आता पळंल?"

"पळेल."

नाथा उठला, दारापर्यंत गेला, परत आला. "मास्तर, वरचा गडी उतरवता येईल का?"

सुमनबाईंची ताटातली बोटं थांबली.

त्या सात मिनिटांतला हाच एक स्वार मास्तरांना चेहऱ्यासकट आठवत होता. त्याच्या फेट्याच्या एका पदराला त्यांनी अख्खा पावसाळा घातला होता. त्यांनी पत्राकडे पाहिलं, स्वाराकडे पाहिलं. मग आभाळाचा रंग कालवायला घेतला.

चित्र प्रदर्शनात लागलं. एका इंग्रजी पेपरात त्यावर चार ओळीही आल्या. चौथ्या घोड्याची रिकामी पाठ हे मृत्यूचं हृदयद्रावक प्रतीक असून चित्रकाराने ते मोठ्या धाडसाने योजलं आहे, असं त्यांत म्हटलं होतं.

रविवारी नाथाने कात्रणावर बोट ठेवलं. "काय लिवलंय?"

मास्तरांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला.

"चौथी घोडी सगळ्यांच्या पुढे पळतेय, म्हणतात."

नाथाने मान हलवली. भिंतीवर चित्राच्या जागी चुन्याचा पांढरा चौकोन उरला होता. चहा संपेपर्यंत तो त्याच्याकडे बघत राहिला.