पुलावरची गाठ

गोपिका भाजीची गाडी स्वतः चालवायला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. नवऱ्याच्या, ज्ञानेश्वरच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा वांगी-कोथिंबीर वर्ध्याच्या बाजारात कोण नेणार हा प्रश्न तिनं सरळ लायसन्स काढून मिटवला. पुढे जाणं लवकर जमलं. रिव्हर्सनं मात्र तिला घाम फोडला होता.

त्या सोमवारी सकाळी नाल्यावरच्या पुलाची एक बाजू दुरुस्तीसाठी बंद होती. एका वेळी एकच गाडी जाईल एवढी जागा. गोपिका अर्ध्यावर आली आणि समोरून एसटी आत शिरली. एसटीच्या पाठीला रेतीचा टिप्पर चिकटला, गोपिकाच्या मागे मोटारसायकली, ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर आणि एक ऑटो. पाच मिनिटांत हॉर्नच हॉर्न.

"बाई, घ्या गाडी मांगं!" एसटीचा ड्रायव्हर ओरडला.

"पयले मी आली पुलावर. तुमी घ्या!"

तिचं चुकत नव्हतं. तेवढ्यात एसटीच्या खिडकीतून एका मुलीनं डोकं काढलं. "काकू, सावंगीले पेपर हाय आमचा. साडेनऊले गेट बंद होते."

नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. खिडक्या-खिडक्यांतून तसलेच रडवेले चेहरे. टिप्पर मागे असल्यानं एसटी हलणार नव्हतीच. गोपिकानं इंजिन बंद केलं, पदर कमरेला खोचला आणि खाली उतरली.

मोटारसायकलवाले कुरकुरत का होईना, सरकले. ऑटोवाल्या प्रफुलला तिनं म्हटलं, "भाऊ, तू तिकडं टोकाले उभा राह्य. नवीन गाडी आत येऊ देऊ नको." तो लगेच ऑटो मागे घेऊन टोकाला गेला. अडला तो ट्रॅक्टर.

"ट्रॉली मांगं घेनं सोपं नाई, बाई," ट्रॅक्टरवाले भैय्याजी स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले. "आन् मी काऊन घेऊ?"

"सोपं नाई, म्हनूनच तुमाले म्हनून राह्यली. इथं दुसऱ्या कोनाले जमन थे?"

भैय्याजींनी तिच्याकडे पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि एकही झटका न देता ट्रॉली सरळ मागे नेली.

आता तिची पाळी. डावीकडे कठडा, उजवीकडे दुरुस्तीचे पिंप, मधे दोन्हीकडे वीतभर जागा. पण मघाशी हॉर्न वाजवणारेच आता गाडीच्या दोन्ही अंगांना उभे राहून हात हलवत होते. "येऊ द्या, येऊ द्या... जरासं डावीकडं... बस, सरळ करा!" गाडी इंच-इंच मागे गेली. मागची चाकं पुलावरून रस्त्यावर उतरली आणि कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच.

एसटी पुढे आली. तिच्या बरोबरीला येताच ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला. "बाई, मानलं तुमाले." मुली खिडकीतून एकसाथ ओरडत गेल्या, काय ओरडत होत्या ते गोपिकाला कळलं नाही, पण हात तिचाही वर गेला.

एसटीमागचा टिप्पर आता घुसणार, मग त्याच्यामागची रांग, आणि आपण इथंच उभे, असं तिला वाटलं. पण टिप्परवाला मोतीलाल पुलाच्या त्या टोकाला थांबला. मागच्यांना त्यानं हातानं अडवलं आणि लाइट मारून तिला खूण केली. आधी तुम्ही या.

त्यानंतर प्रफुल या टोकाला, मोतीलाल त्या टोकाला. पाच गाड्या इकडच्या, पाच तिकडच्या. शिट्टी ना शिपाई, पण पूल वाहता झाला.

बाजारात भाजीचे व्यापारी अण्णाजी तिची वाट पाहत होते. "आज उशीर केला वो, गोपिकाबाई?"

"गाडी मांगं घेत होती," ती म्हणाली आणि कोथिंबिरीचं क्रेट एका दमात उचलून खाली ठेवलं.