जहाजातलं पाचवं माणूस

“अक्का, पाय आखडा ना जरा! चुन्याच्या बाहेर जाऊन राह्यले तुमचे पाय,” भावजय विमल ओट्यावरून ओरडली.

मनकर्णाबाईंनी पाय पोटाशी घेतले. नालवाडीच्या त्या घराच्या अंगणात रूपरावाने चुन्याची फक्की टाकून जहाजातल्या खोलीची चौकट आखली होती, दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद. दोन्ही बाजूंना एकेक बाज लावली होती, आणि मधल्या बोळात सतरंजीवर मनकर्णाबाई आडव्या झाल्या होत्या. पन्नाशीला टेकलेली बाई भरदिवसा अंगणात अशी मुटकुळं करून पडलेली पाहून शेजारच्या बाया कुंपणाशी उभ्या राहून हसत होत्या. हसेनात का! त्यांना कुठं अंदमानला जायचं होतं?

“आता मी दार उघडतो. जहाजाचं दार आत उघडते,” असं म्हणून रूपरावाने हातातला पाट दारासारखा पुढे ढकलला. तो मनकर्णाबाईंच्या टाचेवर आदळला.

“लागलं का वो अक्का?”

“कायचं लागते? सरकते मी अजून. मले काय जागा लागते बापा!”

त्या आणखी सरकल्या. पाट टाचेला न लागता पुरता आत आला, तशी अकरा वर्षांची नलू टाळ्या पिटत नाचायला लागली, “मावली! आत्या मावली!” धाकटा हरिदास बाजेवरून थेट आत्याच्या अंगावर पडला आणि सगळेच हसले. मनकर्णाबाई सर्वांत जास्त हसल्या. अंगाला माती लागली होती, कमरेत चमक भरली होती, पण त्या मावल्या होत्या.

रूपराव वर्ध्याला सरकारी कचेरीत कारकून. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात कचेरीकडून सहकुटुंब प्रवासाची सवलत मिळाली, तेव्हा बाकीचे लोक कन्याकुमारीला निघाले. रूपरावाने मात्र मद्रासहून जहाजाने अंदमानला जायचं मनावर घेतलं. त्याच्या टेबलाशेजारचे लक्ष्मणराव आदल्या वर्षी जाऊन आले होते आणि तेव्हापासून कचेरीत त्यांचा रुबाब काही औरच झाला होता. जहाजात कुटुंबाला एक खोली मिळे. तिला म्हणायचं केबिन. केबिनमध्ये खाली दोन आणि वर दोन अशा चारच बिछायती. पाच वर्षांवरच्या पोराला पुरी बिछायत घ्यावीच लागे. रूपराव, विमल, नलू आणि सात वर्षांचा हरिदास. झाले की चार! जहाजाच्या पोटातली स्वस्तातली जागा तर महिनाभर आधीच भरून गेली होती.

पाचव्या मनकर्णाबाई, रूपरावाची थोरली बहीण. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोच नवरा गेला आणि त्या आष्टीला माहेरी परत आल्या. पाठोपाठ आई गेली. रूपराव तेव्हा सहा वर्षांचा. त्याला घेऊन त्या वर्ध्याला आल्या, पोरांच्या एका वसतिगृहात सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटल्या, मधल्या वेळात चार घरची भांडी घासली. स्वतः चौथी शिकलेल्या, त्यामुळे चुलीपुढची राख पसरून तिच्यात बोटाने अक्षरं काढून त्यांनीच भावाला लिहायला शिकवलं. तो मॅट्रिक झाला, कारकून झाला, त्याला बायको आणली त्यांनीच. नंतर चूल काही त्यांना सुटली नाही आणि ती सोडवावी असं घरात कोणाला वाटलंही नाही.

पाणी म्हणून त्यांनी पाहिलेलं ते पवनारची धाम नदी, एवढंच. त्यामुळे जहाज म्हटल्यावर बाई हरखून गेल्या. चक्कीवर गेल्या तरी तेच, भाजीबाजारात गेल्या तरी तेच. “आमी पाचही जण चाललो न जहाजात. रूप्या म्हणते, अक्काले टाकून मी नाई जात.” त्यांना समुद्रापेक्षाही या वाक्याचंच अप्रूप जास्त होतं. आयुष्यभर घरातून निघणाऱ्यांना डबे बांधून दिले. यंदा त्या स्वतः निघणाऱ्यांत होत्या.

बरं, रूपराव तसं खरंच म्हणाला होता. खोटं कशाला बोला?

आठ दिवसांनी संध्याकाळी तो कचेरीतून जहाजाचा फॉर्म घेऊन आला. सोबत कागदात गुंडाळून कचेरीतलं शिक्क्याचं शाईपॅडही आणलं होतं. मनकर्णाबाई भाकरी थापत होत्या.

“अक्का, हात धुऊन येजो जरा. इथं आंगठा लावाचा हाय.”

“आंगठा?” त्या हात धूत म्हणाल्या. “आंगठा कायले? सही करते न मी.”

“आंगठाच लाव. आंगठा बरा दिसते.”

त्यांनी हात पदराला पुसले आणि फॉर्म हातात घेतला. रूपरावाने तो द्यायला नको होता. पण वीस वर्षं जिच्या हातात परात, पोळपाट आणि झाडू सोडून काही पाहिलं नाही, ती बाई वाचते हे तो साफ विसरून गेला होता. फॉर्म इंग्रजीत होता आणि खाली हिंदीत. पहिल्या चार ओळींत चार नावं. त्याखाली एक चौकोन आणि त्यात छापलेलं, ‘साथ में नौकर हो तो उसका नाम’. पुढे रूपरावाच्या वळणदार अक्षरात, ‘मनकर्णा’. नुसतं मनकर्णा. पुढे बाई नाही, आडनाव नाही.

“रूप्या, हे काय लिवलं बे?”

रूपरावाचा चेहरा पडला. “अवं, ते काई नाई. लक्ष्मणरावनं सांगतलं. केबिनीत पाचव्या माणसाले परवानगी नाई, पण नौकराले हाय. नौकर खाली जमिनीवर झोपला त चालते. म्हणून मंग...”

“म्हणून मंग मले नौकर केलं.”

“कागदावरच त हाय अक्का! नुसतं नावाले!” विमल आतून धावत आली. “चार दिवस जहाजात, अन् चार दिवस येताना. तिथं कोण वळखते आपल्याले?”

“नावालेच हाय त नाव काऊन अर्धं लिवलं माहं?”

आता तरी गप्प बसावं की नाही? पण विमलला गप्प बसवेना. चांगुलपणानेच बोलायला गेली बिचारी. “फक्त जेवाले मात्र तुमाले खाली जावं लागन. नौकरायचं वेगळं जेवण असते म्हणे. अन् कोणी इचारलं त तुमी काई बोलजा नोका.”

तेवढ्यात हरिदासनं गृहपाठाच्या पाटीवरून मान वर केली. “अन् आम्ही आत्याले आत्या नाई म्हणाचं, बाई म्हणाचं. होय ना आई?”

“चूप बस तू!” रूपराव खेकसला.

मनकर्णाबाई पाटावर बसल्या. म्हणजे पोरांची शिकवणीसुद्धा होऊन गेली होती. त्यांना भांडी घासल्याची लाज नव्हती, कधीच नव्हती. वसतिगृहातली पोरं “ए बाई” म्हणून हाक मारत, तेव्हा त्या खुशाल ओ देत. ती घरं दुसऱ्यांची होती. संध्याकाळी परतायला आपलं घर आहे म्हणूनच दिवसभर दुसऱ्याची भांडी घासता येतात माणसाला. आता परतायचं कुठं?

“अक्का, तुले नेता यावं म्हणूनच केलं ना हे?” रूपरावाचा आवाज ओला झाला. “दुसरी तरकीबच नव्हती. तुहीच शप्पथ.”

तो खोटं बोलत नव्हता, हेच तर वाईट होतं. लबाड असता तर त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. त्याने खरोखर मायेनेच बहिणीला नोकर केलं होतं, आणि त्यात काही चुकलं असं त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं.

“पेन दे,” त्या म्हणाल्या.

“अक्का, आंगठा...”

“पेन दे म्हणते न!”

त्याने खिशातलं पेन काढून दिलं. मनकर्णाबाईंनी फॉर्म पुढ्यात जमिनीवर ठेवला, वाकल्या, आणि त्या चौकोनात एकेक अक्षर कोरत आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं आणि शेवटी लिहिलं, ‘रूपरावची थोरली बहीण’. चौकोन अपुरा पडला. अक्षरं खालच्या समासात उतरली.

“घे. आता लाव तुह्या जहाजाले,” असं म्हणून त्या उठल्या. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती. ती त्यांनी काढून टाकली आणि दुसरी थापायला घेतली.

फॉर्म वाया गेला होता. त्यात काय मोठंसं? लक्ष्मणरावांकडे कोऱ्या फॉर्मचा गठ्ठाच होता. रूपराव दुसऱ्या दिवशी नवा घेऊन आला. तो त्याने चुलीपाशी नेला नाही, बाहेरच्या खोलीत बसून भरला. मनकर्णाबाई दोन दिवस वाट पाहत होत्या, आता येईल, म्हणेल, अक्का, राहू दे ते अंदमान, आपण पाचही जण दुसरीकडे कुठं जाऊ. कन्याकुमारीला तर केबिन लागत नव्हती! पण ते रूपरावाला सुचलं नाही, आणि सुचवणं मनकर्णाबाईंच्या जिवावर आलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्म पाकिटात घालताना पाहिला. चार नावं होती. नोकराच्या चौकोनात नीट आडवी रेघ मारलेली होती.

निघायच्या दिवशी त्यांनी पहाटे उठून दशम्या केल्या, चिवडा केला, लिंबाचं लोणचं बरणीत भरलं, हरिदासला बोट लागू नये म्हणून सुंठीच्या गोळ्या वळल्या. फलाटावर त्या सामानाजवळ उभ्या राहिल्या. मद्रासची गाडी आली. डब्यातला समोरचा प्रवासी, नागपूरकडचा कोणी मास्तर, खिडकीतून बरणी आत घेताना म्हणाला, “या कोण? आई का तुमच्या?”

“थोरली बहीण माझी,” रूपराव भरून येऊन म्हणाला, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “आईच म्हणा ना. हिनंच लहानाचा मोठा केला मले.”

मनकर्णाबाईंनी ऐकलं. फलाटावर बहीण म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही, त्यांच्या मनात आलं. गाडी हलली. नलू खिडकीतून हात हलवत “आत्या! आत्या!” ओरडत होती. शेवटचा डबा दिसेनासा झाला, तशा त्या फाटकाकडे वळल्या.

फाटकातल्या तिकीट तपासनिसाने फलाटाचं तिकीट घेतलं. माणूस गप्पिष्ट होता. “कोणाले सोडाले आलत्या मावशी? पोराले?”

“नाई बापा. मी ज्यायच्या घरी कामाले हावो, ते लोक गेले फिराले.”

“अरे वा! मंग आठ-पंधरा दिवस सुट्टी तुमाले!”

“हो ना,” मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि घराची किल्ली कमरेला नीट खोचून नालवाडीच्या रस्त्याने पायी चालू लागल्या.